वॅगनआर की टियागो? पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडच्या घरांसाठी गाडीचा पूर्ण हिशेब

पेडणे : चतुर्थी, दसरा किंवा पाडवा जवळ आला की सीमाभागातल्या घराघरांत गाडीचा विषय निघतो. पेडणे-डिचोलीत निघतो, तसाच बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीतही निघतो. बजेट सहा-सात लाखांचे. घरात नवरा-बायको, एक-दोन मुले आणि गुडघे दुखणारी आई किंवा वडील. एसयूव्ही आवडते, पण हप्ता झेपत नाही. मग चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबते. मारुती सुझुकीची वॅगनआर आणि टाटाची टियागो.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, "मारुती घे, ॲव्हरेज देते." दुसरा म्हणतो, "टाटा घे, लोखंड आहे." तिसरा सांगतो, "गोव्याच्या मामाच्या पत्त्यावर घे, स्वस्त पडेल." या तिन्ही सल्ल्यांत थोडे खरे आणि बरेच अर्धवट आहे. गाडी एकदा घेतली की सात-आठ वर्षे ती वापरायची असते, म्हणून प्रत्येक मुद्दा आकड्यांत मांडून बघितलेला बरा. खाली दिलेली मापे आणि ॲव्हरेज कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. मॉडेल बदलले की त्यात थोडाफार फरक पडतो, म्हणून बुकिंगच्या दिवशी ताजे माहितीपत्रक मागून घ्यावे.

दोन्ही गाड्या नेमक्या काय आहेत

वॅगनआर भारतात १९९९ च्या डिसेंबरमध्ये आली. सध्या रस्त्यावर दिसते ती तिसरी पिढी, जानेवारी २०१९ मधली. तिच्यात दोन इंजिने मिळतात : ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे आणि ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे. सीएनजी फक्त लहान इंजिनासोबत येतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वांत जास्त खपलेली कार हीच होती, सुमारे १ लाख ९८ हजार.

टियागो एप्रिल २०१६ मध्ये बाजारात आली. इंजिन एकच, ११९९ सीसीचे तीन सिलिंडरचे. पेट्रोलवर ते ८६ पीएस ताकद देते. वॅगनआरचे लहान इंजिन सुमारे ६७ पीएसचे आणि मोठे ९० पीएसचे आहे. थोडक्यात, टियागोची खरी बरोबरी वॅगनआरच्या मोठ्या इंजिनाशी आहे. पण शोरूममध्ये किमतीमुळे तुलना बहुतेक वेळा लहान इंजिनाशीच होते.

आधी घरातली माणसे मोजा

टियागोची उंची १५३५ मिलिमीटर आणि वॅगनआरची १६७५. म्हणजे वॅगनआर १४ सेंटिमीटर उंच. कागदावर हा आकडा छोटा वाटतो, पण सत्तरीच्या आईला बांबोळीला गोमेकॉत न्यायचे असते तेव्हा तो कळतो. वॅगनआरमध्ये माणूस जवळजवळ खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. टियागोत थोडे वाकून आत उतरावे लागते आणि बाहेर येताना मांडीवर जोर देऊन उठावे लागते. पेडणे, डिचोलीतलीच नव्हे, सावंतवाडी-दोडामार्गातली माणसेही तपासणीसाठी गोमेकॉत जातात. ज्या घरात अशा फेऱ्या महिन्याला होतात, तिथे हा मुद्दा ॲव्हरेजच्याही आधी यायला हवा.

रुंदीत चित्र उलटते. वॅगनआर १६२० मिलिमीटर रुंद, टियागो १६७७. मागे तीन मोठी माणसे बसली तर दोन्हींत दाटी होते, पण वॅगनआरमध्ये खांद्याला खांदा जास्त घासतो. दोन मोठे आणि मध्ये एक मूल, असे बसायचे असेल तर दोन्ही चालतात.

डिकीत वॅगनआर सरळ पुढे आहे. तिची डिकी ३४१ लिटरची, टियागोची २४२ लिटरची. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चवथीची माटोळी, गावाहून येणारे नारळ-तांदूळ यांचा विचार केला तर शंभर लिटरचा फरक म्हणजे दोन मोठ्या पिशव्या तरी सहज. फक्त हे गणित पेट्रोल गाडीचे आहे. सीएनजीत ते बदलते, त्याबद्दल पुढे.

ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींचा साधारण सारखाच आहे, वॅगनआर १६५ आणि टियागो १७० मिलिमीटर. गावातल्या वाड्यावरच्या कच्च्या उतारावर पाच माणसे बसवून गाडी घातली तर दोन्हींचे पोट घासू शकते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेवर न घेता स्वतःच्या घराच्या वाटेवर घ्यावी. आईला किंवा वडिलांना सोबत न्यावे, मागच्या सीटवर बसवावे, दोनदा उतरवावे आणि चढवावे. सेल्समनला घाई असते, ती त्याची. घरच्यांनी घाई करू नये.

इंजिन : मोपाचा पठार वेगळा, चोर्ल्याचा घाट वेगळा

रोजची धाव पेडण्याहून म्हापसा, डिचोलीहून पणजी किंवा बांद्याहून मोपा विमानतळापर्यंतची असेल तर वॅगनआरचे ९९८ सीसीचे इंजिन पुरते. गाडी टियागोपेक्षा शंभर किलोहून जास्त हलकी आहे, त्यामुळे गावात आणि सिग्नलवर ती चपळ वाटते. वळायलाही सोपी, लांबी टियागोपेक्षा ११ सेंटिमीटर कमी. डिचोलीच्या बाजारात गाडी लावताना त्याचा उपयोग होतो.

घाटात मात्र फरक पडतो. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जायचे असेल, किंवा सावंतवाडीहून आंबोली चढायची असेल, पाच माणसे आणि एसी चालू असेल, तर लहान इंजिनाला वारंवार दुसऱ्या गिअरवर यावे लागते. गाडी चढते, पण पुढचा ट्रक ओव्हरटेक करायला ताकद उरत नाही. टियागोचे किंवा १.२ वॅगनआरचे इंजिन तिथे निवांत चालते. हायवेवर ऐंशीच्या वेगात टियागो रस्त्याला जास्त चिकटून चालते. वॅगनआर उंच आणि अरुंद असल्याने वाऱ्यात आणि वळणावर थोडी डोलते. पावसात मालपेच्या वळणांवर गाडी चालवणाऱ्याला या फरकाची जाणीव होते.

ऑटोमॅटिक हवी असेल तर दोन्हींत एएमटी मिळते. ती मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, क्लच आणि गिअर मशीन बदलते. त्यामुळे गिअर पडताना हलका झटका बसतो. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये मुद्दाम बघावे. हिल होल्डची सोय नेमकी कोणत्या व्हेरियंटमध्ये आहे तेही विचारावे.

"ॲव्हरेज किती देते?" याचे खरे उत्तर

कंपनीच्या आकड्यांनुसार वॅगनआर १.० मॅन्युअल लिटरला २४ किलोमीटरच्या थोडे वर देते, टियागो मॅन्युअल सुमारे २० देते. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. आपल्या रस्त्यांवर एसी, चढ-उतार, खड्डे आणि गर्दी धरून पाव हिस्सा कमी करावा. म्हणजे वॅगनआर १८ आणि टियागो १५ असे धरू. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू.

महिन्याला ५०० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर धावते. वॅगनआरला सुमारे ३३३ लिटर लागतात, टियागोला ४००. फरक ६७ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ६,७०० रुपये. महिन्याला साधारण ५६०, दिवसाला १८ रुपये.

महिन्याला १,५०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे गणित वेगळे. वर्षाला १८,००० किलोमीटर, वॅगनआरला १,००० लिटर, टियागोला १,२००. फरक वर्षाला २०,००० रुपये आणि पाच वर्षांत एक लाख. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

म्हणून "ॲव्हरेज किती" विचारण्याआधी स्वतःचे किलोमीटर किती, हे मोजावे. आताच्या स्कूटरच्या किंवा जुन्या गाडीच्या मीटरवर महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा आकडा लिहून ठेवला की उत्तर मिळते. बहुतेक घरांत गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते. अशा घराने दिवसाच्या १८ रुपयांसाठी बाकीचे सगळे मुद्दे बाजूला टाकू नयेत.

सीमाभागात आणखी एक सवय आहे. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या गाड्यांना सीमेपलीकडच्या पंपांची ओढ लागली. नंतर व्हॅट पुन्हा वाढला, तरी फरक राहिलाच. बांद्याच्या माणसाला पत्रादेवी जवळ, त्याला हे परवडते. पण फक्त पेट्रोलसाठी जाऊन-येऊन ४० किलोमीटर करणाऱ्याने हिशेब करावा. लिटरमागे ८ रुपये वाचले आणि ३० लिटर भरले तर बचत २४० रुपये. ४० किलोमीटरला अडीच लिटर, म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांचे पेट्रोल जळाले. कामासाठी गोव्यात जाणे होते तेव्हा टाकी भरावी, मुद्दाम जाऊ नये.

सीएनजी घ्यावा का?

सीएनजीवर वॅगनआर किलोला ३४ किलोमीटरच्या आसपास आणि टियागो २६ ते २८ किलोमीटर देते, असे कंपन्या सांगतात. आकड्यात वॅगनआर पुढे आहे. पण तिची टाकी डिकीतच बसते, त्यामुळे ३४१ लिटरच्या डिकीचे कौतुक तिथे संपते. टियागोत २०२३ पासून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेले आहेत. वर एक-दोन बॅगा ठेवण्याइतकी जागा उरते. शिवाय टियागोत सीएनजी आणि एएमटी एकत्र मिळते, २०२४ पासून. वॅगनआर सीएनजी फक्त मॅन्युअल आहे. सीएनजी गाडी घेताना स्टेपनी कुठे ठेवली आहे, तेही उघडून बघावे.

सीएनजीवर दोन्ही इंजिनांची ताकद कमी होते. घाटाची फेरी नेहमीची असेल तर हे ध्यानात घ्यावे. दुसरा प्रश्न पंपाचा. घरापासून किंवा कामाच्या वाटेवरच्या पंपावर आठवड्यातून वेगवेगळ्या वेळी दोनदा जाऊन बघावे : गॅस आहे का, रांग किती, प्रेशर मिळते का. सीएनजी गाडीची जास्तीची किंमत साधारण ९० हजार ते एक लाखाच्या घरात असते. महिन्याला ५०० किलोमीटर धावणाऱ्या घराला ती वसूल व्हायला बरीच वर्षे लागतात. रोज पेडणे-पणजी ये-जा करणाऱ्याला ती लवकर वसूल होते.

स्टार म्हणजे काय, आणि कोणते स्टार कोणाशी जुळवायचे

"टाटाला चार स्टार, वॅगनआरला एक" हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते पूर्ण बरोबर नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने वॅगनआरची २०१९ मध्ये चाचणी घेतली. मोठ्यांच्या संरक्षणाला २ स्टार, मुलांच्या संरक्षणाला २. टियागोची चाचणी जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. मोठ्यांसाठी ४ स्टार, मुलांसाठी ३. या दोन्ही चाचण्या जुन्या नियमांच्या, ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून एका बाजूला धडक देणाऱ्या. म्हणून खरी तुलना दोन आणि चारची.

२०२२ पासून संस्थेचे नियम कडक झाले. बाजूची धडकही मोजली जाऊ लागली. त्या नव्या नियमांनुसार २०२३ मध्ये वॅगनआर पुन्हा तपासली गेली, तेव्हा तिला मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी शून्य स्टार मिळाला. गाडीचा सांगाडाही अस्थिर ठरला. ती गाडी दोन एअरबॅगची होती. २०२५ मध्ये कंपनीने वॅगनआरच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग दिल्या. टियागोत पेट्रोल आणि सीएनजी गाडीला दोनच आहेत.

आता कोणती सुरक्षित? एअरबॅग माणसाचे डोके आणि छाती आदळण्यापासून वाचवते. सांगाडा माणसाभोवतीची जागा चेपू देत नाही. बाजूने धडक बसली तर बाजूच्या एअरबॅगचा उपयोग होतो, आणि तो वॅगनआरमध्ये आता मिळतो. समोरून जोरदार धडक बसली तर सांगाड्याची मजबुती महत्त्वाची ठरते, आणि जुळणाऱ्या चाचणीत टियागो वरचढ होती. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर रोज ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या घराने हा मुद्दा यादीत पहिला ठेवावा.

डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवर तर एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. चार स्टार म्हणजे ट्रकसमोर सुरक्षित, असा अर्थ होत नाही. चाचणी साधारण त्याच वजनाच्या गाडीशी होणाऱ्या धडकेचा अंदाज देते. ट्रकपासून अंतर ठेवणे आणि वळणावर ओव्हरटेक न करणे, याला कोणत्याही स्टारचा पर्याय नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त सुरक्षा दोन्ही गाड्यांत आधीच बसवलेली असते : मागचा पट्टा. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे आहे, न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे हा तर आपल्याकडचा सर्वांत धोकादायक लाड. धडकेत मोठ्या माणसाचा भार मुलावरच येतो. गाडीच्या ॲक्सेसरीजवर वीस हजार घालवणाऱ्या घराने त्यातले काही हजार चाइल्ड सीटवर घालावेत.

कोटेशन वाचताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता. दोन्ही गाड्यांच्या सर्वांत खालच्या व्हेरियंटची किंमत त्यामुळे पाच लाखांच्या आत आली. जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच. त्यामुळे एकाच व्हेरियंटच्या ऑन-रोड किमतीत गोवा आणि महाराष्ट्रात जो मोठा फरक दिसतो तो रोड टॅक्सचा, बाकीचा विमा आणि डीलरच्या सवलतीचा.

विम्यात एक बारीक गोष्ट आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकानुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये, जीएसटी न धरता. वॅगनआर १.० पहिल्या गटात, टियागो आणि वॅगनआर १.२ दुसऱ्या गटात. म्हणजे सुरुवातीलाच चार हजारांचा फरक. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा याव्यतिरिक्त असतो, आणि तो डीलरकडूनच घ्यायला हवा असे बंधन नाही. बाहेरचे कोटेशन आणून दाखवले की शोरूमचा आकडा बऱ्याचदा खाली येतो.

"हँडलिंग चार्जेस", "लॉजिस्टिक्स" अशा नावाने काही रक्कम लावली असेल तर ती कशाची, हे लेखी विचारावे. एक्स-शोरूम किमतीत गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च धरलेला असतो.

कर्जाचेही तसेच. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण परतफेड ६ लाख २३ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८,०४५ वर येतो, पण परतफेड ६ लाख ७६ हजारांवर जाते. सेल्समन हप्ता किती कमी झाला ते दाखवतो. जास्तीचे ५३ हजार त्याच्या कागदावर दिसत नाहीत. तेवढ्या पैशांत वरचा व्हेरियंट आला असता.

जीए की एमएच-०७?

सीमाभागातला सर्वांत जास्त चुकीच्या सल्ल्याचा विषय हाच. मोटार वाहन कायदा सांगतो की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि जिथे गाडी ठेवली जाते, तिथे नोंदणी करावी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे, सीएनजीला त्याहून कमी. गोव्यात किमतीच्या टप्प्यांनुसार कर ठरतो. फरक दिसला की मामाचा, मावशीचा, भाड्याच्या खोलीचा गोव्यातला पत्ता पुढे केला जातो.

गाडी खरोखर गोव्यात राहणार असेल, माणूस नोकरीसाठी तिथे राहत असेल, तर तिथली नोंदणी रास्त आहे. पण गाडी रात्रंदिवस सावंतवाडीत उभी राहणार असेल तर अडचण येते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा कर आणि मग जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. परतावा मिळायला फेऱ्या माराव्या लागतात. खोट्या कागदांवर घेतलेली नोंदणी रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. गाडी मामाच्या नावावर घेतली तर विम्याचा दावा, कर्ज आणि उद्या वारसाचा प्रश्न, सगळे मामाच्या नावाने चालते. पंधरा-वीस हजार वाचवण्यासाठी नात्यात हा गुंता कशाला, याचा विचार आधी व्हावा.

उलट, गोव्यातल्या डीलरकडून गाडी घेऊन ती महाराष्ट्रात नोंदवणे पूर्ण कायदेशीर आहे. डीलर तात्पुरती नोंदणी करून देतो, कायमची नोंदणी आणि कर आपल्या जिल्ह्यात. सवलत म्हापशाला चांगली मिळाली तर हा मार्ग बघावा. बदलीची नोकरी असलेले सरकारी कर्मचारी, लष्करातले जवान आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी २०२१ पासून बीएच मालिका आहे. तिथे कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी नंबर बदलत नाही.

सेकंडहँड जीए गाडी सिंधुदुर्गात आणणाऱ्याने सौदा ठरवतानाच एनओसी कोण काढणार आणि महाराष्ट्राचा कर कोण भरणार, हे कागदावर लिहून घ्यावे. स्वस्तात मिळालेली गाडी नंतर महाग पडते ती इथेच.

पेडण्याच्या किनारपट्टीवर आणखी एक मोह असतो. हरमल, मांद्रे, मोरजीत सीझनला गाडी पर्यटकाला देऊन हप्ता काढायचा. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाई मालकाच्या खिशातून जाते. हप्ता त्या आशेवर ठरवू नये.

सर्व्हिस, गंज आणि विकताना

सर्व्हिस सेंटरच्या जाळ्यात मारुती पुढे आहे, गावातल्या मेकॅनिकलाही तिचे काम आणि पार्ट ओळखीचे. विकतानाही वॅगनआरला गिऱ्हाईक लवकर मिळते. टियागोचे वर्कशॉप घरापासून किती लांब, तिथे सर्व्हिसची तारीख किती दिवसांनी मिळते, हे दोन-तीन जुन्या टियागो मालकांना विचारावे. त्यांच्याइतके खरे उत्तर शोरूममध्ये मिळणार नाही.

खारा वारा, लाल माती आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस दोन्ही गाड्यांचा पत्रा सारखाच खातो. दर पावसाळ्यानंतर गाडी खालून धुवून घेणे, दारांच्या खालची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे आणि चिखल साचू न देणे, एवढे केले तरी गंज बराच लांबतो.

मग कोणती?

घरात वयस्क माणसे, दवाखान्याच्या फेऱ्या, गावातल्या गावात वापर किंवा महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटरची धाव असेल तर वॅगनआर सोयीची. त्यातही घाट वारंवार असेल तर १.२ इंजिनाची घ्यावी.

मुले लहान, आठवड्याला महामार्गावरची फेरी, चोर्ला-आंबोलीचा प्रवास आणि महिन्याची धाव पाचशे-सातशे किलोमीटर असेल तर टियागो घ्यावी. इंधनाचा फरक तिथे दिवसाला वीस-पंचवीस रुपयांत बसतो. सीएनजी, ऑटोमॅटिक आणि डिकी तिन्ही हवे असेल तरीही टियागोच.

दोन्ही अटी एकाच घरात असतील, तर शेवटचा निर्णय गाडीत सर्वांत जास्त वेळा मागे कोण बसणार आहे, त्याला बघून घ्यावा. गुडघे दुखणारी आई असेल तर दार उघडून तिला बसवून बघावे. शाळेत जाणारी मुले असतील तर स्टार आणि पट्टे बघावेत. बुकिंगची पावती फाडण्याआधी एक कागद घ्यावा, त्यावर महिन्याचे किलोमीटर, बसणारी माणसे, घाटाच्या फेऱ्या, जवळचे वर्कशॉप आणि गाडी रात्री कोणत्या राज्यात उभी राहणार, या पाच गोष्टी लिहाव्यात. मग शोरूममध्ये जावे.